ठिपक्याएवढा घोडेस्वार

वेस्टर्न म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये पहिलं नाव निघतं क्लिंट ईस्टवूडचं. ओठात चिरूट, अंगावर पोंचो, बारीक केलेले डोळे... पोस्टरसकट सगळं पाठ! पण ईस्टवूडचे ते इटालियन दिग्दर्शकाचे सिनेमे यायच्या कितीतरी आधीपासून, आणि आपला 'शोले' (१९७५) यायच्या तर जवळजवळ साठ वर्षं आधीपासून, एक माणूस हा सगळा खेळ मांडून बसला होता. त्याचं नाव जॉन फोर्ड. दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळवणारा आजवरचा एकमेव माणूस. आणि गंमत म्हणजे त्या चारपैकी एकही वेस्टर्नसाठी नाही!

फोर्डशी माझी ओळख झाली ती आडवाटेने. टी.ई.ला सेमिनारसाठी मी 'व्हिडिओ कॉम्प्रेशन' हा विषय घेतला होता. डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या चित्रात नेमका फरक किती, हे एकाच सिनेमाच्या दोन डिस्क लावून दाखवायचं, असा बेत होता. माझ्या मामाला जुन्या इंग्रजी सिनेमांचा नाद. त्याच्या कपाटात फोर्डच्या 'द सर्चर्स'च्या दोन्ही डिस्क निघाल्या. सेमिनार झाला, मार्क मिळाले, विषय खरं तर तिथेच संपला. पण तो दिग्दर्शक काही डोक्यातून जाईना. मग त्याचे मिळतील तेवढे सिनेमे पाहिले, त्याच्यावर मिळेल ते वाचलं. फोर्डचं आयुष्य सांगता सांगता मी मधूनच डिस्कचं पुराणही लावणार आहे, त्याबद्दल नॉन-ईअँडटीसी मंडळींनी माफ करावं. कारण माझ्या मते या माणसाचं मोठेपण आणि चित्राची स्पष्टता या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. का, ते पुढे येईलच.

गुत्तेवाल्याचा मुलगा

फोर्डचा जन्म १ फेब्रुवारी १८९४ चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यातल्या केप एलिझाबेथ इथला. खरं नाव जॉन मार्टिन फीनी. आईवडील दोघंही आयर्लंडहून पोट भरायला आलेले. वडील गॉलवे परगण्यातले, आई त्याच किनाऱ्यासमोरच्या अरन बेटांवरची. वडिलांचा पोर्टलंड गावात दारूचा गुत्ता होता. पुढे फोर्डने स्वतःची बोट घेतली तेव्हा तिला आईच्या बेटांवरून 'अरानर' असं नाव दिलं. आयर्लंड त्याच्या डोक्यातून कधीच गेलं नाही. स्वतःबद्दल थापा मारण्याची हौसही भारी! जन्मसाल एक वर्षाने पुढे ढकलायचं, नाव अधिक आयरिश वाटेल असं सांगायचं, हे आयुष्यभर चाललं.

थोरला भाऊ फ्रान्सिस घर सोडून नाटकात आणि तिथून सिनेमात गेला होता. 'फोर्ड' हे आडनाव त्याने घेतलं. हॉलिवूडमध्ये तो नट आणि दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आला. १९१४ साली शाळा संपवून धाकटा जॉन त्याच्याकडे गेला आणि पडेल ते काम करू लागला. सामान उचल, घोड्यावरून पड, छोटी भूमिका कर, भावाचा असिस्टंट हो. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे हा काळ लक्षात येईल. १९१७ मध्ये जॉनला स्वतःला दिग्दर्शन मिळालं. त्याच वर्षी हॅरी केरी या नटाला घेऊन त्याने 'स्ट्रेट शूटिंग' हा पहिला मोठा वेस्टर्न केला. दोघांनी मिळून पुढच्या चार वर्षांत दोन डझनांच्या आसपास सिनेमे काढले. सबमिशनच्या आठवड्यात आपण जर्नल लिहितो त्या वेगाने!

आता वाईट बातमी. फोर्डच्या मूकपटांपैकी बहुतेक आज अस्तित्वातच नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेट घ्यायची, नीट ठेवली नाही तर कुजायची, आणि मूकपटांचा जमाना संपल्यावर कुणाला त्यांची किंमतही राहिली नाही. 'स्ट्रेट शूटिंग'ची प्रत १९६० च्या दशकात सापडली ती थेट प्रागच्या संग्रहात. 'अपस्ट्रीम' (१९२७) हा हरवलेला मूकपट न्यूझीलंडमध्ये मिळाल्याचं २०१० साली जाहीर झालं. म्हणजे अमेरिकन माणसाचे सिनेमे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी सांभाळले म्हणून उरले. आपल्या 'राजा हरिश्चंद्र'चाही आज काही भागच शिल्लक आहे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. डिस्क कितीही भारी असो, तिच्या मागे एक निगेटिव्ह किंवा प्रिंट लागते. ती गेली की सगळं गेलं.

दगडांची दरी

१९२४ मध्ये अमेरिकेच्या आरपार गेलेल्या पहिल्या रेल्वेवर फोर्डने 'द आयर्न हॉर्स' केला आणि तो मोठ्या दिग्दर्शकांच्या रांगेत बसला. मग बोलपट आले. १९३५ ला 'द इन्फॉर्मर'साठी पहिलं ऑस्कर. पण वेस्टर्न मात्र तेरा वर्षं त्याच्या हातून झाला नाही. वेस्टर्न म्हणजे स्वस्तातला, पोरांसाठीचा माल, अशी तेव्हाची समजूत होती.

ही समजूत मोडली १९३९ च्या 'स्टेजकोच'ने. एका घोडागाडीत कोंबलेले नऊ भिन्न स्वभावाचे लोक, बाहेर अपाची टोळ्यांची भीती, आणि वाटेत भेटणारा फरारी कैदी. हा कैदी झाला जॉन वेन. तोवर तो दहा वर्षं फुटकळ सिनेमांत घोडे पळवत होता. फोर्डने सेटवर त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल तसं बोलून रडकुंडीला आणलं, आणि त्याच सिनेमाने त्याला स्टार केलं.

'स्टेजकोच'मधला दुसरा स्टार म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली. ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवरचा नावाहो आदिवासींचा प्रदेश. सपाट लाल वाळवंट आणि त्यातून हजार हजार फूट सरळ वर गेलेले वालुकाश्माचे सुळके. तिथे दुकान चालवणारा हॅरी गोल्डिंग जागेचे फोटो घेऊन हॉलिवूडला धडकला, अशी हकीकत सांगतात. मंदीच्या काळात तिथल्या नावाहो लोकांना काम मिळावं हा त्याचा हेतू. फोर्डने त्या दरीत पुढच्या पंचवीस वर्षांत एकूण सात वेस्टर्न चित्रित केले. कथा टेक्सासची असो नाहीतर आणखी कुठली, सुळके तेच!

इथे फोर्डची खरी खुबी सुरू होते. तो कॅमेरा फारसा हलवत नाही. क्लोज-अप मोजून मापून. तो कॅमेरा लांब ठेवतो, निम्मीअधिक फ्रेम आभाळाला आणि दगडाला देतो, आणि माणसाला ठेवतो तळाशी, मुंगीएवढा. एवढ्या मोठ्या जगात एवढासा माणूस निघालाय, हे तो संवादाने सांगत नाही, मापाने सांगतो. आता मला सांगा, ज्या दिग्दर्शकाचा सगळा अर्थ त्या मुंगीत आहे, त्याच्या चित्रातली मुंगीच पुसली गेली तर काय उरलं?

थोडा हिशोब

मुंगी कशी पुसली जाते, त्याचं गणित सोपं आहे. अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या डीव्हीडीवर एका फ्रेमला ७२० गुणिले ४८० ठिपके, म्हणजे ३,४५,६००. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागाकार केलात तर बरोब्बर सहापट आणि पाचपट येतो. समजा, लांबचा घोडेस्वार फ्रेमच्या उंचीच्या एक टक्का आहे. ब्लू-रेवर त्याच्या वाट्याला साधारण अकरा रेषा येतात, एनटीएससी डीव्हीडीवर जेमतेम पाच. अकरा रेषांत टोपी, माणूस आणि घोडा वेगळे काढता येतात. पाच रेषांत फक्त एक काळा डाग.

त्यात पुन्हा कॉम्प्रेशन. डीव्हीडीतला एमपेग-२ चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि बारीक तपशील आधी फेकून देतो. स्थिर दगड त्याला सोपे, पण घोड्यांच्या टापांची धूळ म्हणजे त्याचा कर्दनकाळ! धुळीचा प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये नवा. चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट, त्यात ते बसत नाही आणि धुळीच्या जागी चौकटी दिसायला लागतात. ब्लू-रेला चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे आणि कोडेकही जास्त हुशार. हॉस्टेलमध्ये एके काळी ७०० एमबीत बसवलेली फाईल फिरायची. दोन तासांच्या सिनेमाला ती सेकंदाला ०.८ मेगाबिट देते. तिच्यात फोर्ड शोधणं म्हणजे मेसच्या आमटीत डाळ शोधणं.

एवढी जास्त जागा आली कुठून? डीव्हीडीचा लेसर लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५ चा. शिवाय लेन्सचं न्यूमरिकल ॲपर्चर ०.६० वरून ०.८५ झालं. लेसरच्या ठिपक्याचा व्यास तरंगलांबी भागिले ॲपर्चर या प्रमाणात, आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गात. आकडे घालून पाहा, ठिपका पाचपटीहून थोडा जास्त लहान होतो. ४.७ जीबीचे २५ जीबी झाले ते असे. फिजिक्सच्या पहिल्या युनिटमधलं ज्ञान कुठे कामाला येईल सांगता येत नाही!

स्पीडचीही एक भानगड आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल पद्धत २५ ची. म्हणून पाल डीव्हीडीवर सिनेमा सरळ चार टक्के जोरात पळवतात. ११९ मिनिटांचा 'द सर्चर्स' ११४ मिनिटांत संपतो आणि, मुद्दाम दुरुस्ती केली नसेल तर, जॉन वेनचा खर्जातला आवाजही तेवढाच चढतो. ब्लू-रेवर २४ म्हणजे २४.

हा फरक सगळीकडे सारखा जाणवत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॉटवर पडून लॅपटॉपवर बघाल तर दोन्हीत उन्नीस-बीस. पण सेमिनार हॉलचा अडीच मीटर रुंद पडदा आणि चार मीटरवर तुम्ही, असं धरा. चांगला डोळा एक आर्कमिनिट ओळखतो, म्हणजे त्या अंतरावर १.२ मिलिमीटरच्या आसपास. ब्लू-रेचा ठिपका १.३ मिलिमीटरचा, डीव्हीडीचा जवळजवळ साडेतीन. एक डोळ्याच्या मर्यादेला टेकलेला, दुसरा सरळसरळ दिसणारा. फोर्डने सिनेमे मोठ्या पडद्यासाठी केले होते, म्हणून ही दुसरी परीक्षाच खरी.

युद्ध आणि घोडदळ

असो, परत फोर्डकडे. १९४० ला 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' आणि १९४१ ला 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली', लागोपाठ दोन ऑस्कर. कीर्तीच्या शिखरावर असताना हा गडी नौदलात गेला. जून १९४२ मध्ये मिडवे बेटावर जपानी विमानांचा हल्ला झाला तेव्हा तो तिथे १६ एमएमचा कॅमेरा घेऊन उभा होता. हाताला स्फोटाचा तुकडा लागून जखमी झाला. त्या चित्रणाच्या 'द बॅटल ऑफ मिडवे' या अठरा मिनिटांच्या माहितीपटालाही ऑस्कर मिळालं. त्यात स्फोटाबरोबर अख्खी फ्रेम हादरते. १६ एमएमच्या छोट्याशा फिल्मवर तपशील मुळातच कमी, त्यामुळे कितीही भारी डिस्क आणली तरी तिथे फार काही वाढत नाही. मूळ निगेटिव्हमध्ये नाही ते डिस्कमध्ये येत नाही, हा या विषयातला पहिला नियम.

युद्धानंतर 'माय डार्लिंग क्लेमेंटाईन' (१९४६), आणि मग घोडदळावरचे तीन सिनेमे: 'फोर्ट अपाची' (१९४८), 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९), 'रिओ ग्रांदे' (१९५०). यातला मधला आपल्या कामाचा. त्याचा कॅमेरामन विंटन हॉक हा कॅलटेकमध्ये शिकून टेक्निकलरच्या प्रयोगशाळेतून वर आलेला माणूस. म्हणजे आपल्याच जातकुळीतला! फोर्डला हा सिनेमा फ्रेडरिक रेमिंग्टनच्या चित्रांसारखा दिसायला हवा होता. एका प्रसंगात खरोखरचं वादळ चढून येतं, वीज चमकते आणि घोडदळ त्यातून चाललेलं असतं. हॉकला त्या वर्षीचं रंगीत छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं.

त्या वेळचा टेक्निकलर कॅमेरा म्हणजे एक धूड होतं. आत प्रिझम, आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी तीन वेगळ्या कृष्णधवल निगेटिव्ह. याचा फायदा असा की चांदीवरचं चित्र रंगांसारखं फिकं पडत नाही. तोटा असा की तिन्ही फिल्म काळाने वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. मग एकावर एक ठेवल्या की कडा जुळत नाहीत, चित्राला रंगीत झालर येते. आता संगणकावर प्रत्येक फ्रेम ताणून जुळवता येते. २०१६ साली आलेल्या या सिनेमाच्या ब्लू-रेवर आभाळाचा जांभळा आणि गणवेशाचा निळा पाहून मी थक्क झालो. इथे जास्त ठिपक्यांइतकंच श्रेय त्या जुळवाजुळवीचं आहे.

१९५२ ला 'द क्वाएट मॅन'साठी चौथं ऑस्कर. माणूस म्हणून मात्र फोर्ड सोपा नव्हता. सेटवर रुमाल चघळत बसायचा, नटांचा जाहीर अपमान करायचा. १९५५ च्या 'मिस्टर रॉबर्ट्स'च्या वेळी तर त्याने जुना मित्र हेन्री फोंडाला ठोसा मारला. दोन सिनेमांच्या मधल्या काळात पिऊन पडलेला असायचा. दुसरीकडे, ज्या भावाच्या हाताखाली तो शिकला त्या फ्रान्सिसला पुढे कुणी विचारेना, तेव्हा आपल्या सिनेमांत त्याला छोट्या भूमिका देत राहिला. कधी बारवाला, कधी दारुडा म्हातारा. घोळक्यात हा फ्रान्सिस ओळखू येणं, हाही चांगल्या डिस्कचा एक आनंद आहे.

द सर्चर्स

१९५६ चा 'द सर्चर्स' हा माझ्या मते फोर्डचा सर्वांत मोठा सिनेमा. ईथन एडवर्ड्स हा युद्ध हरलेल्या बाजूचा सैनिक टेक्सासात भावाच्या घरी परततो. कोमांची टोळी ते घर उद्ध्वस्त करते, पुतणीला पळवते, आणि ईथन वर्षानुवर्षं तिचा शोध घेत फिरतो. आधी सोडवण्यासाठी, मग ठार मारण्यासाठी. कारण ती आता 'त्यांची' झाली. जॉन वेनने हा द्वेषाने पोखरलेला माणूस विलक्षण उभा केलाय. ऑस्करचं एक नामांकनसुद्धा मिळालं नाही!

हा सिनेमा व्हिस्टाव्हिजनमध्ये काढला. नेहमीची ३५ एमएम फिल्म कॅमेऱ्यातून उभी जाते, इथे ती आडवी पळवतात, एका फ्रेमला चारऐवजी आठ छिद्रं. निगेटिव्हचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त. थिएटरांना मात्र बहुतेक करून नेहमीच्या आकारात उतरवलेल्या प्रिंट गेल्या. म्हणजे १९५६ च्या प्रेक्षकानेही निगेटिव्हमधलं सगळं पाहिलं नव्हतं. या सिनेमाची ब्लू-रे २००६ सालची, अगदी पहिल्या खेपेतली. तेव्हा एचडी-डीव्हीडी नावाची दुसरी डिस्कही शर्यतीत होती, ती फेब्रुवारी २००८ मध्ये बाद झाली. २०२४ साली मूळ निगेटिव्हकडे परत जाऊन रिस्टोअर केलेली ४के डिस्कही आली.

मी मात्र डीव्हीडी आणि ब्लू-रे शेजारी शेजारी लावल्या होत्या, त्यातले दोन प्रसंग सांगतो. पहिला: ईथन मोहिमेवर निघायच्या आधीचा. पुढे कॅप्टन कॉफी पीत उभा. मागच्या खोलीत वहिनी मार्था ईथनचा कोट हातात घेते आणि त्यावरून हळूच हात फिरवते. कॅप्टन ते पाहतो आणि न पाहिल्यासारखं समोर बघत राहतो. बस्स. मार्था आणि ईथनचं एकमेकांवर प्रेम होतं, हे अख्ख्या सिनेमात कुणी उच्चारत नाही. सगळं त्या मागच्या खोलीतल्या हातात आहे. डीव्हीडीवर तिथे एक बाई काहीतरी आवरतेय, एवढंच मला कळलं. ब्लू-रेवर बोटं दिसली, आणि कथाच बदलली.

दुसरा: कोमांचींचा सरदार स्कार. ब्लू-रेवर त्याचे डोळे स्वच्छ निळे दिसतात! कारण ती भूमिका हेन्री ब्रँडन या जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटाने केलीय. त्याच्या मागे उभे असलेले लोक मात्र खरे आदिवासी, मॉन्युमेंट व्हॅलीतले नावाहो. कधी अपाची म्हणून, कधी कोमांची म्हणून, फोर्डच्या सिनेमामागून सिनेमांत तेच लोक. श्रेयनामावलीत बहुतेकांची नावं नाहीत. डीव्हीडीवर ती एक टोळी असते. ब्लू-रेवर सुरकुत्या दिसतात, प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसतो. ज्यांना कथेने नाव दिलं नाही, त्यांना निगेटिव्हने निदान चेहरा दिला होता. तो डीव्हीडीने काढून घेतला होता.

फोर्डला हे टोचत असावं असं त्याच्या उत्तरायुष्यातले सिनेमे पाहून वाटतं. 'सार्जंट रटलेज' (१९६०) मध्ये त्याने काळ्या सैनिकाला केंद्रस्थानी आणलं. 'शायेन ऑटम' (१९६४) मध्ये मायभूमीकडे पायी निघालेल्या शायेन लोकांची बाजू ७० एमएमवर मांडली. पण मुख्य आदिवासी भूमिका पुन्हा बाहेरच्या नटांकडे, आणि शायेन म्हणून उभे असलेले नावाहो पडद्यावर बोलतात ती भाषाही नावाहोच. प्रायश्चित्त अर्धंच राहिलं. स्पष्ट चित्र हेही लपवत नाही.

या सगळ्यातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे खुद्द फोर्डची नजर. १९५० च्या दशकात त्याचे डोळे अधू होत गेले, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी आली. मागच्या खोलीतला तो हात ज्याने रचला, त्याला स्वतःला तेव्हा धड दिसत नव्हतं.

शेवट, आणि डिस्कची मर्यादा

१९६२ चा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' कृष्णधवल आणि बराचसा स्टुडिओतच काढलेला. दंतकथा खऱ्यापेक्षा जास्त टिकते, हे त्याचं सूत्र. स्वतःच्या जन्मसालाबद्दल थापा मारणाऱ्या माणसाला ते बरोब्बर ठाऊक होतं. इथे जास्त स्पष्टता थोडी नडतेसुद्धा: पन्नाशी ओलांडलेले वेन आणि जेम्स स्टुअर्ट तरुण म्हणून उभे आहेत, आणि एचडीत मेकअप लपत नाही. १९६६ च्या 'सेव्हन विमेन'नंतर फोर्डला काम मिळालं नाही. १९७३ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा पहिलाच जीवनगौरव त्याला मिळाला, आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी कॅलिफोर्नियात पाम डेझर्ट इथे कॅन्सरने तो गेला.

डिस्कवाल्यांनीही दंतकथा रचायचं ठरवलं तर रचता येते. जुन्या फिल्मला चांदीच्या कणांचा रवा असतो. तो कॉम्प्रेशनला जड जातो म्हणून सॉफ्टवेअरने घासून काढला की चित्र गुळगुळीत होतं आणि माणसं मेणाची. नवख्याला तेच 'क्लिअर' वाटतं. याच्या उलट उदाहरण 'स्टेजकोच'चं. त्याची मूळ निगेटिव्ह केव्हाच गेली. २०१० च्या ब्लू-रेसाठी १९४२ ची नायट्रेटवरची डुप्लिकेट निगेटिव्ह वापरली, आणि जिथे ओरखडा काढताना चित्र बिघडलं असतं तिथे ओरखडा राहू दिला. म्हणजे ब्लू-रेवर ओरखडे जास्त स्पष्ट दिसतात! मला ते चालतात. मागे दगड आणि घोडे खरे आहेत.

'शोले'चीही कहाणी यापेक्षा वेगळी नाही. मूळ निगेटिव्ह वापरण्याच्या पलीकडे गेलेली, म्हणून इतर साधनं शोधून फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो ४के मध्ये रिस्टोअर केला आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवला. ५० वर्षांच्या आत आपल्या सर्वांत गाजलेल्या सिनेमाची ही गत, तर बाकीच्यांचं काय? आपल्यातले काही जण पुढे इमेज प्रोसेसिंगमध्ये जातील, एखादा स्टोरेजमध्ये. हे काम आपल्याच शाखांचं आहे.

ज्यांना फोर्ड पाहायचाय त्यांनी 'स्टेजकोच'पासून सुरुवात करावी, मग 'यलो रिबन', मग 'द सर्चर्स'. मिळेल त्यातली सर्वांत चांगली प्रत घ्यावी, आणि जमलं तर चौघांपाचांनी मिळून प्रोजेक्टरवर लावावी. 'द सर्चर्स'च्या सुरुवातीला पडदा काळा असतो. दार उघडतं, मार्था ओसरीवर येते आणि लांब बघते. तिला काय दिसतंय ते तुम्हीही शोधा. सुळक्यांच्या मध्ये, वाळवंटात, एक घोडेस्वार येतोय.